झांज विरू द्या

कानसेनच्या डाव्या कानात गेली एकेचाळीस वर्षं एक माणूस ओरडतो आहे. बाकी त्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शेजारी ट्रकचा टायर फुटला तरी तो कान ढिम्म. उजवा मात्र इतका तिखट, की जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलंय आणि कसल्या रागात आलंय ते यानं आतून सांगावं. सगळा जन्म रेकॉर्डिंग स्टुडिओत गेला, म्हणून लोकांनी नाव ठेवलं कानसेन. खरं नाव ओळखपत्रावर तेवढं उरलं.

डावा कान कसा गेला, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होती. रॉक बँडचा गायक, ज्याला सगळे वाघ म्हणत, त्यानं भर रेकॉर्डिंगमध्ये ड्रमरचं मनगट लोखंडी स्टँडनं फोडलं. ड्रमर म्हणजे कानसेनचा धाकटा भाऊ. त्याला वाचवायला कानसेन मशीनच्या खोलीच्या काचेमागून धावत आला, मध्ये पडला, आणि वाघानं त्याच्या अशी कानफटात लगावली की पडदाच फाटला. "हात माझा गेला, पण दादाचा कान गेला तो माझ्यापायी," असं धाकटा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. गोष्ट चांगलीच होती. फक्त कानसेन मध्ये पडला नव्हता आणि वाघानं त्याला बोटही लावलं नव्हतं.

खोटं पचलं, कारण त्याआधी तो खरोखरच मध्ये पडत आला होता. दोघांचा बाप लाकडाच्या वखारीत कामाला होता. घरी आला की कमरेचा पट्टा काढायचा आणि समोर येईल त्याला झोडपायचा. त्याला कारण लागायचंच असं नाही. धाकट्याला डबे-ताटं बडवायचा नाद, आणि बापाचं डोकं नेमकं त्याच आवाजानं उठायचं. एकदा बापानं पट्टा उलटा धरला, बक्कल पुढे. कानसेन तेव्हा बारा वर्षांचा. धाकट्याला पोटाशी घेऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि फटके पाठीवर घेत राहिला. अकरा बसले. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता, हाडावर एक, मांसावर एक, रक्तानं ओल्या झालेल्या सदऱ्यावर तिसराच, म्हणून आकडा लक्षात राहिला. पाठीची सालटी निघत असताना हा पोरगा आवाज निवडत बसला होता. पुढे काय होणार ते तिथंच कळायला हवं होतं, पण धाकट्याला एवढंच कळलं की दादा आहे तोवर आपल्याला काही होत नाही.

मोठेपणी कानसेन स्टुडिओत लागला आणि त्यानंच धाकट्याला वाघाच्या बँडमध्ये बसवलं. तिथं आठ ट्रॅकचं मशीन होतं. एकाच टेपवर शेजारी शेजारी आठ पट्टे, पहिल्यावर ड्रम, सातव्यावर गायक, मधल्यांवर गिटारी आणि बाकीचे. आठवा मोकळा राहायचा. कानसेननं त्यालाही कामाला लावलं. काचेमागून वादकांना सूचना द्यायचा जो माइक, तो त्यानं आठव्याला जोडून टाकला. "तिसरा टेक", "गिटार जरा कमी" असं जे काही तो बोलेल ते टेपवर राहायचं, म्हणजे नंतर शोधाशोध नको. गाणं पक्कं करताना आठवा बंद ठेवायचा की झालं. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत ही रीत नव्हती, आणि या शिस्तीचा कानसेनला भारी तोरा होता.

त्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं. टेकवर टेक झाले. वाघाचं पालुपद एकच, ड्रमर पुढे पळतो. नवव्या टेकनंतर त्यानं धाकट्याच्या अंगावर बाटली फेकली. बाराव्यानंतर त्याचे केस धरून तोंड ड्रमवर आपटलं, तेव्हा दात ओठातून आरपार गेला. धाकट्यानं रक्त थुंकलं आणि पुन्हा काठ्या उचलल्या. गिटारवाला आणि बासवाला माना खाली घालून तारा जुळवत राहिले. कानसेननं काचेमागून सगळं पाहिलं आणि माइकचं बटण दाबून म्हणाला, "तेरावा टेक."

सोळावा टेक मात्र जन्मात एकदा मिळतो तसा मिळाला. धाकट्यानं शेवटचा ठोका दिला आणि मोठी झांज वाजत राहिली. बँडवाले तिला सिंबल म्हणत, कानसेन एकटाच झांज म्हणायचा. ती पुरती विरेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, हा रेकॉर्डिंगचा कायदा. धाकट्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि फाटक्या ओठानं हसला. ते हसू वाघाच्या डोक्यात गेलं. एका हातात माइक तसाच धरून त्यानं दुसऱ्या हातानं लोखंडी स्टँड उचलला. बासवाला एक पाऊल पुढे आला आणि त्यानं काचेकडे पाहिलं, काय करू म्हणून. कानसेनकडे तेव्हा चांगले तीन सेकंद होते आणि दार हाताशी होतं. त्यानं बटण दाबलं आणि सगळ्यांच्या हेडफोनमध्ये सांगितलं, "कोणी हलू नका. झांज विरू द्या."

बासवाला थांबला. स्टँड खाली आला. खुर्चीचा पाय मोडल्यासारखा आवाज झाला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला धाकटा ओरडला. कानसेननं हेडफोनची डावी वाटी कानावर घट्ट दाबून धरली होती, आवाज पार वर, झांजेचा शेवटचा कण ऐकायला. ती किंकाळी तापल्या सळईसारखी आत गेली आणि कान संपला. मग कुठे तो धावला. धाकटा फरशीवर पडला होता, मनगटातून हाड बाहेर आलं होतं आणि डोळे अर्धे पांढरे झाले होते. त्याला दादाच्या कानाखाली रक्ताचा ओघळ दिसला. "तुला पण मारलं का रे त्यानं?" त्यानं विचारलं. कानसेननं मान हलवली. सगळं खोटं एवढंच, एकदा मान हलवण्याइतकं. नंतर त्याला शब्द जोडले ते धाकट्यानंच.

पोलिसांचं लचांड नको म्हणून दवाखान्यात जिन्यावरून पडला असं सांगितलं. रेकॉर्ड निघाली ती किंकाळीसकट. कारण खरं सांगायचं तर कानसेन त्या किंकाळीच्या प्रेमात पडला होता, झांजेच्या लाटेवर ती अशी काही बसली होती की काढवेना. वाघानं ती स्वतःच्या नावावर खपवली. "मी तुझं झाकतो, तू माझं झाक," तो कानसेनला म्हणाला. गिटारवाल्यानं आणि बासवाल्यानं आपण नुसतं बघत राहिलो हे कधी कोणाला सांगितलं नाही. मिक्स करताना त्यानं ड्रम दाबायला लावले, कानसेननं दाबले. रेकॉर्ड लोकांनी डोक्यावर घेतली. कॉलेजातली पोरं मोटारसायकलवरून तशी किंकाळी मारत जायची. चहाच्या दुकानात ते गाणं लागलं की धाकटा भरला कप तसाच टाकून उठायचा.

हाताचं हाड वाकडं जुळलं आणि काठी पुन्हा धरता आली नाही. धाकट्यानं गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान काढलं. चेपलेला पत्रा डाव्या हातानं ठोकून ठोकून सरळ करायचा, दिवसभर असा दणदणाट की गिऱ्हाईक दुकानाबाहेर उभं राहून बोलायचं. बाप गेल्यावर दोघे भाऊ एकाच घरात राहिले. कानसेननं लग्न केलं नाही, धाकट्यानं केलं. एकेचाळीस वर्षांत धाकटा कधी दादाच्या डाव्या हाताला चालला नाही की जेवायला बसला नाही. नेहमी उजवीकडे, ऐकू यावं म्हणून. घरात नवीन आलेल्या बायकोला त्यानं पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती, "भाऊजींशी बोलायचं तर उजव्या बाजूनं बोलायचं."

अशात कंपनीला ती रेकॉर्ड नव्यानं काढायची हुक्की आली. रीमास्टर करायचं की रीमिक्स, यावर वाद पेटला. रीमास्टर म्हणजे शिवलेला कोट धुऊन इस्त्री करणं. रीमिक्स म्हणजे तोच कोट उसवून पुन्हा शिवणं, आठही ट्रॅक सुटे करून, एकेक ऐकून. कंपनीनं या कामाला नेमलेली मिक्सिंगवाली पोरगी रीमिक्सच्या बाजूची होती. कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं, कारण सुटे करायचे म्हणजे आठवाही सुटणार. एवढ्या वर्षांत त्यानं तो पुसला का नाही? कपाटात साप आहे हे ठाऊक असलेला माणूस कपाटाकडे जातच नाही, तसा तो त्या टेपकडे गेला नव्हता.

मग त्यानं तत्त्वाचा आव आणला. "चाळीस वर्षं लोकांनी जे गाणं उराशी धरलं ते आता त्यांचं झालं. तुम्ही कोण उसवणारे?" असं तो पेपरवाल्याला म्हणाला. छापून आलं. कौतुकाची पत्रं आली. जुन्याचा असा राखणदार होणे नाही, असं लिहून आलं. पोरगी त्याला आदरानं काका म्हणायची, पण ऐकून घेणारी नव्हती.

"काका, लोकांनी जे ऐकलं ते अर्धंच ऐकलं. ड्रम किती खाली दाबलेत! त्या माणसानं काय वाजवलंय ते कोणाला माहितीच नाही."

तिचं बरोबर होतं. याचंही चूक नव्हतं म्हणा, जगात अशी गाणी बिघडवल्याची उदाहरणं रग्गड आहेत. फक्त तो जे बोलत होता त्यासाठी तो बोलत नव्हता.

आणि धाकट्याला रीमिक्सच हवं होतं. पेपर वाचून त्यानं दादाला दुकानात बोलावून घेतलं. समोर एका गाडीचं बॉनेट होतं, चार दिवस खपून सरळ केलेलं, आरशासारखं.

"दादा, ती पोरगी आली होती. तिनं जुन्या रेकॉर्डवरून मोजलंय. मी पळत नव्हतो. वाघच मागे राहत होता. एकेचाळीस वर्षं मला वाटतंय की चूक माझी होती."

"जाऊ दे रे. आता उकरून काय—"

धाकट्यानं हातोडा उचलला आणि बॉनेटच्या मधोमध घातला. मग पुन्हा, मग पुन्हा, पत्रा दुमडून आतलं लोखंड दिसेपर्यंत. कानसेन भिंतीला टेकला. बापाचा हात धाकट्याच्या खांद्यात असा इतकी वर्षं लपून बसला होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

"त्या टेपवर माझा हात आहे," धाकटा धापा टाकत म्हणाला. त्यानं वाकडं मनगट दादाच्या नाकासमोर धरलं. "हा नाही. तो. चांगला. जगात तेवढाच एक उरलाय, आणि तू म्हणतोस उसवू नका? तू?"

"होऊ दे," कानसेन म्हणाला. "होऊ दे रीमिक्स. मी सांगतो तिला."

धाकट्यानं हातोडा टाकला आणि दादाला मिठी मारली. त्याच मिठीत कानसेननं ठरवलं की आठवा ट्रॅक पुसायचा. आठवा तेवढा गेला की सगळंच साधणार होतं. धाकट्याचे ड्रम मोकळे होतील, किंकाळी ज्याची त्याला मिळेल, आणि दादा दादाच राहील.

जुनी टेप चिकट होते, म्हणून वाजवण्याआधी मंद भट्टीत तापवून निववावी लागते. रविवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं ठरलं. त्या शेवटच्या गाण्याची टेप निवत ठेवून पोरगी जेवायला गेली होती. स्टुडिओची एक चावी कानसेनकडे असायचीच. तो तासभर आधी पोचला. डब्यावर त्याच्याच जुन्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शेपटी बाहेर'. म्हणजे गाण्याचा शेवट रिळाच्या वरच्या अंगाला आहे, तेव्हा रीळ उजवीकडे लावून आधी मागे गुंडाळून घ्यायचं. हे त्यानं शंभर जणांना शिकवलं होतं. पण सगळा कान जिन्याकडे लागलेला. वाचलं आणि डोक्यात शिरलंच नाही. त्यानं रीळ डावीकडे लावलं, स्पीकर बंद ठेवले, कारण ऐकायची छाती नव्हती, आठव्याचं रेकॉर्डचं बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. लहानपणी बसला होता तसाच. टेप संपल्यावर रीळ होतं तसं गुंडाळून डब्यात ठेवलं आणि खाली जाऊन चहा घेतला. कित्येक वर्षांत इतका गोड चहा प्यायला नव्हता.

दुपारी सगळे जमले. वाघ आला, सत्तरीचा, काठी टेकत, पण गुरगुर तीच. धाकटा दुकानातून थेट आला होता, हातोडा सवयीनं पँटच्या खिशात राहिलेला. तरी तिथल्याच नळावर अंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता बिचारा. तो दादाच्या उजव्या हाताला बसला. पोरीनं डबा उघडला, शेपटी बाहेर हे मोठ्यानं वाचलं आणि रीळ उजवीकडे लावलं.

कानसेनला आठवलं, मघाशी आपण ते डावीकडे लावलं होतं. रीळ उलटं लावलं की टेप उलटी धावते, आणि पट्टेही उलटे होतात. आठवा पहिला होतो. पहिला आठवा. त्याला काही वाजायच्या आधीच सगळं कळलं.

"आधी फक्त ड्रम," पोरगी धाकट्याकडे बघून हसत म्हणाली. "तुमच्यासाठी."

टेप फिरली. काहीच वाजलं नाही. तिनं आवाज वाढवला. नुसती खरखर. धाकटा मान पुढे करून बसला होता, डावा हात मांडीवर ताल धरायला तयार. तिनं टेप पुढे नेली, आणखी पुढे नेली. खरखरच.

"असं कसं? कोरा आहे हा. कोणीतरी पुसलाय," ती म्हणाली. मग एकेक ट्रॅक उघडत गेली. गिटारी होत्या, वाघ होता. "आणि हा आठवा कसला?" तिनं सातवा-आठवा दोन्ही एकदम उघडले. गाण्याचा शेवट जवळ आला होता. वाघाची शेवटची ओळ झाली, त्याच्याच माइकमध्ये लांबून झांज ऐकू आली, आणि तिच्यावर एक तरुण, शांत, कामात गढलेला आवाज आला. "कोणी हलू नका. झांज विरू द्या."

मग तो आवाज, हाडाचा, एक, दोन, तीन. मग ती किंकाळी.

सगळ्यांच्या माना कानसेनकडे वळल्या. झांज म्हणणारा माणूस त्या खोलीत एकच होता. वाघ मात्र एकदम खिदळला. "बघ! एकेचाळीस वर्षं शिव्या मी एकटाच खातोय! हा म्हणाला म्हणून बासवाला थांबला. नाहीतर मला कोणीतरी—"

धाकटा उठला. वाटेत वाघ होता, त्यानं काठी आडवी धरली. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वाटेतली खुर्ची सारावी तसं कोपरानं त्याला बाजूला केलं. नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. वाघ खाली बसला आणि दोन्ही हातांतून रक्त गाळत राहिला. मग हातोडा निघाला. पहिला घाव मशीनच्या काट्यांवर, दुसरा बटणांवर, तिसरा काचेवर, त्याच काचेवर जिच्यामागे कानसेन बसायचा. ती अख्खी खाली आली. पोरगी कोपऱ्यात कानांवर हात ठेवून ओरडत होती. काचेचा तुकडा लागून धाकट्याच्या कपाळातून रक्त येत होतं, नवा शर्ट भिजत होता. तो वळला आणि हातोडा घेऊन दादासमोर उभा राहिला.

"मार," कानसेन म्हणाला. मनापासून म्हणाला. तो पाठ करून बसणार होता, पण तेवढीही लायकी वाटेना. "पुसायला गेलो होतो मी. आठवा पुसणार होतो. मार मला."

धाकट्यानं त्याची कॉलर धरली आणि खुर्चीतून अर्धा उचलला. मग हातोडा खाली पडू दिला. तो दादाला वळसा घालून डावीकडे आला, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. वाकला, त्या मेलेल्या कानाला ओठ लावले आणि काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. कानसेनला गालावर गरम श्वास लागत होता, कपाळाचं रक्त खांद्यावर पडत होतं. ऐकू येत होती ती नेहमीची किंकाळी.

रेकॉर्ड नव्यानं निघाली ती रीमास्टर होऊन. उसवायला ड्रमच उरले नव्हते. जुन्या मिक्समध्ये, वाघाच्या आवाजाखाली दाबलेले जेवढे आहेत तेवढेच आता जगात आहेत. कव्हरवर कानसेनचे आभार छापलेत, मूळ गाण्याला हात लावू दिला नाही म्हणून. अजूनही कौतुकाची पत्रं येतात.

धाकट्यानं घर सोडलं नाही की दादाला काढलं नाही. बायको विचारते, भाऊजींचं आणि तुमचं काय बिनसलं, तर म्हणतो, काही नाही. दोन्ही वेळा तो जेवायला दादाशेजारीच बसतो. आता डावीकडे बसतो. जेवताना त्या कानात हळू आवाजात काहीबाही बोलत असतो, कधी दोन शब्द, कधी पान वाढल्यापासून हात धुवेपर्यंत. बोलून झालं की थांबतो, उत्तराची वाट बघितल्यासारखा. कानसेन मान हलवतो.